उन्हात ठेवलेली बॅटरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पापड उलटणं. नाचणीचे पापड. अंगणात बाज टाकलेली, बाजेवर बायकोचं जुनं लुगडं, लुगड्यावर पापड, आणि कोपऱ्याला पापडांच्याच रांगेत मोबाईलची बॅटरी. बॅटरीवर एक खडा ठेवलेला, कावळ्यानं उचलू नये म्हणून. मी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलो होतो. ऊन चढल्यावर ती बाहेर आली, एका अंगानं पापड उलटे करत निघाली. मी दुसऱ्या अंगानं निघालो. शेवटी तिनं खडा काढला, बॅटरी पालथी केली आणि खडा परत ठेवला. दोन्ही बाजूंनी शेक बसला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

बोलण्यासारखं काही झालं नाही. एक पापड माझ्या हातानं मोडला, तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमाला बोटं न्हाईत, खुरपी हायती." मोडलेला पापड मी तसाच कच्चा खाल्ला. त्याच दिवशी दिवेलागणीला ती गेली.

आमच्या वाडीत अजून काही लोक म्हणतात की बायको घरात निजवलेली होती आणि हा बाजारात बॅटरी आणायला गेला. खरं आहे. गेलो होतो. परत वेळ आली तर परत जाईन. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायचा सराव नाही, पण एकदा कागदावर उतरवून ठेवतो. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आमची वाडी विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. आम्हाला एकच लेक. जावई कंपनीत कामाला, तिकडं घाटाखाली. त्याच्या मागं घरदार, आईबाप कुणी नाही, त्यामुळं जिथं काम लागेल तिथं खोली घेऊन दोघं राहायची. त्यांनीच तो मोबाईल आणून दिला होता. जावयानं वापरून जुना केलेला, पण काम देत होता. आणला तो तिच्यासाठी. मी कधी कानाला लावला नाही. मला त्यात बोलता येत नसे. समोर माणूस नाही आणि आपण मान हलवायची, हे मला जमायचं नाही.

घरात रेंज येत नव्हती. आता येते. तेव्हा फोन लावायचा म्हणजे वरच्या खिंडीत जावं लागे. तिथून खाली विंझरचा टॉवर दिसायचा. बाजाराहून आलं की चहा घ्यायचा, आणि ऊन कलल्यावर आम्ही दोघं खिंड चढायचो. तिथं एक बसकट दगड होता. ती उभ्यानं लेकीला मिस कॉल द्यायची. एक रिंग वाजली की लगेच कापायची आणि फोन दोन्ही हातांत धरून उभी राहायची. लेकीला कळायचं, आई खिंडीत आली. मग तिकडून फोन यायचा आणि लेक म्हणायची, "हां आये, बोल." हे मला दगडावर बसून ऐकू यायचं, इतकी ती मोठ्यानं बोलायची.

मी बसून सांगायचो, तिला विचार पाण्याचं कसं आहे तिथं. ती विचारायची. विचार, जावई रातपाळीला जातो का. तेही विचारायची. लेक म्हणायची, आबा काय करतायत? ही सांगायची, "बसल्यात हितंच. मुंग्या मारत्यात." दोघी हसायच्या. असं आमचं बापलेकीचं बोलणं चालायचं, तिच्या तोंडून. मला तेवढं पुरत होतं. लेकीलाही पुरत असावं, तिनं कधी आबांना द्या म्हणून हट्ट धरला नाही.

आता बॅटरीचं.

पहिल्या वर्षी चांगली चालली. एकदा भरली की बाजार ते बाजार जायची. पुढं पुढं भरलेली दिसायची आणि बोलता बोलता बंद पडायची. दोघींचं बोलणं निम्म्यात तुटायचं. ही खिंडीत उभी राहून फोनकडं बघत राहायची, जसं काही तो स्वतःच्या मनानं परत चालू होणार आहे. उतरताना मग पुढं पुढं चालायची.

घरी मी सांगत होतो की हितं रेंज नाही, तर फोन बंद करून ठेव. ऐकायची नाही. "येळवखत हाय. लेकीनं लावला तर?" लेकीनं लावला तरी तो घरात वाजणार नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी बंद करायची नाही. देवळीत दिव्याशेजारी फोन चालू ठेवलेला असायचा, रात्रंदिवस. लाईट यायची ती तिच्या मर्जीनं. आली की ही पळत जाऊन चार्जर लावायची आणि रानात जायची. लाईट गेली की निम्मीच भरलेली राहायची. कधी पार मरेपर्यंत वापरायची, कधी दिवसभर तापत ठेवायची.

आणि मग तिनं ती उन्हात घालायला सुरुवात केली. आमच्याकडं पूर्वी रेडिओ होता. रेडिओचे सेल उतरले की आम्ही ते पत्र्यावर उन्हात ठेवायचो. तापले की आणखी दोन-चार दिवस बातम्या, भजनं ऐकू यायची. वाडीतली सगळीच ठेवायची. तिच्या हिशेबानं सेल काय आणि बॅटरी काय, जात एकच. आणि खोटं का सांगू, उन्हातनं काढून घातली की फोन थोडा वेळ खरंच पेटायचा. म्हणून तिचा विश्वास बसलेला.

ती जायच्या आधीच्या बाजाराला आम्ही दोघं नसरापूरला गेलो होतो. तिथं पेठेत मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे, मुसलमानाचं. त्याचा बाप रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचा. आमचा रेडिओ त्यानंच कितीदा उघडला असेल. बाप गेल्यावर हा बसला आणि दुकानात मोबाईल आले. हिनं फोन त्याच्यापुढं ठेवला. म्हणाली, लवकर मरतोय, बघ काय झालंय.

त्यानं पाठीमागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि काउंटरच्या काचेवर ठेवून बोटानं टिचकी मारली. बॅटरी भिंगरीसारखी गरगर फिरली. आम्ही बघत राहिलो. मग त्यानं खणातली एक नवी काढली, दुसऱ्या फोनची, तिला टिचकी मारली. ती घसरली आणि जागीच बसली.

"फुगली मावशी. पोट आलंय हिला. चपटी असती तर फिरली नसती."

तिनं हात लावून बघितलं. खरंच मधोमध उंच झाली होती. इतके दिवस ती आमच्या घरात होती आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

त्यानं विचारलं, चुलीजवळ ठेवता का? ती म्हणाली, चुलीजवळ कशाला ठेवू, उन्हात ठेवते. तो हसायला लागला. ती चिडली.

"हसतोस काय? तुझ्या बापानंच सांगितलंय. आमच्या रेडिओचं सेल उतरलं तवा तुझा बाप म्हनला, पत्र्याव टाका बाई, चार दिस जातील."

"अब्बांचं ऱ्हाऊ द्या मावशी. अब्बांनी मोबाईल कुठं बघितला? ते सेल येगळं. हिला ऊन म्हंजी इख हाय."

मग त्यानं समजावून सांगितलं. तो बोलला तसंच्या तसं मला आठवत नाही, पण समजलं ते असं. बॅटरीच्या आत दोन पातळ पत्रे असतात आणि मधे ओलसर औषध. चार्जिंगला लावली की आतला माल एका पत्र्यावरनं दुसऱ्यावर जातो. फोन वापरला की तो माघारी येतो. अशा फेऱ्या चालू असतात. पण प्रत्येक फेरीला थोडा माल कुठंतरी चिकटून राहतो, तो परत उठत नाही. शिवाय पत्र्यावर किटण चढत जातं. आमच्याकडं भाताचे भारे खळ्यावर नेताना वाटेनं दाणे गळतात, तसं मला वाटलं. एका खेपेला कळत नाही. म्हणून बॅटरी भरलेली दाखवते, पण तिच्यात मूळचा माल राहिलेला नसतो. ऊन लागलं की आतलं औषध तापतं, किटण लवकर चढतं, वायू धरतो आणि पोट फुगतं. उन्हातनं काढल्यावर जरा वेळ जोर आल्यासारखा वाटतो, पण त्यानं ती आणखी मरते. पार रिकामी करून ठेवली तरी आतनं खराब होते. आणि रेंज नाही तिथं चालू ठेवली तर फोन सारखा टॉवर हुडकत बसतो आणि सगळं बळ त्यातच घालवतो.

शेवटचं ऐकून ती माझ्याकडं बघायची थांबली.

मग तिनं त्याला विचारलं, "म्हंजी नीट ठिवली असती तर मेली नसती?"

"मेली असतीच मावशी. सगळ्याच मरत्यात. उशिरा मेली असती."

"मग एवढं लांबडं सांगितलंस कशाला? नवी दे."

त्या मापाची नवी त्याच्याकडं नव्हती. फोन जुना, माप वेगळं. पुण्याहून मागवून ठेवतो म्हणाला, पुढल्या बाजाराला न्या. तोवर उन्हात घालू नका, फुगलेली आहे, चुलीपासून लांब ठेवा. ती बरं म्हणाली. वाटेत मला म्हणाली, त्याचा बाप जास्त हुशार होता. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बॅटरी परत उन्हात.

ती गेली त्या दिवशी पापड गोळा करून डब्यात भरल्यावर तिनं बॅटरी पुसली आणि फोनमध्ये घातली. फोन पेटला. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"बगा. मरतीय म्हनत हुता. उद्या खिंडीत जाऊ."

मी बरं म्हटलं. फोन तिनं देवळीत ठेवला. थोड्या वेळानं मी बघितलं तर काच काळी झाली होती. तिला सांगितलं नाही. ती चुलीपुढं बसली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, कसंतरीच होतंय. पाणी दिलं, तर एक घोट घेतला आणि भिंतीला टेकली. तव्यावरची भाकरी करपली, तो वास मला अजून येतो. शेजारी दुधाचा टेम्पो चालवणारा राहतो. माझी हाक ऐकून तो धावत आला, हात लावून बघितलं आणि टेम्पो काढून डॉक्टरला आणायला गेला. डॉक्टर आला आणि म्हणाला, काही करण्यासारखं नव्हतं. हृदय जागीच थांबलं. फोन चालू असता तरी घरात रेंज नव्हती, आणि रेंज असती तरी उपयोग नव्हता. म्हणून तिच्या मरणाचा बॅटरीशी काही संबंध नाही. ते मी लोकांना आधीच सांगून टाकतो.

संबंध पुढच्याशी आहे.

लेकीला कळवायचं होतं. जावयानं संक्रांतीच्या सुमाराला कंपनी बदलली होती. जुनी खोली सोडली, जुना नंबर बंद केला. भेटायला आले तेव्हा नवा नंबर त्यानं सासूच्या फोनात टाकून दिला. दुसऱ्या कुणाकडं तो नव्हता. नव्या खोलीचा पत्ता मला ठाऊक नव्हता. खोपोलीच्या बाजूला, एवढंच. बायकोला माहीत असेल, पण तिला आता विचारता येत नव्हतं.

टेम्पोवाल्यानं फोन हातात घेतला. लाईट होती तेवढ्यात चार्जर लावून बघितला. काचेवर उजेड यायचा आणि जायचा. मग त्यानं आतलं कार्ड काढून आपल्या फोनमध्ये घातलं. कार्डात नंबर नव्हता. म्हणाला, जावयानं फोनात साठवलाय, कार्डात न्हाई. माझी बॅटरी ह्याला बसत न्हाई. फोन चालू झाल्याबिगर काय निघायचं न्हाई. 

अंगणात माणसं जमली होती. भावकीतला थोरला म्हणाला, लाकडं सांगतो, पहाटेच उरकून घेऊ. मी म्हटलं, लेक आल्याशिवाय नाही. तो म्हणाला, उन्हाळ्याचे दिवस, मढं ठेवून चालत नाही. त्याचं चुकत नव्हतं. लेक कुठं आहे ते कुणाला माहीत नाही, तिला कधी कळणार, ती कधी येणार. पुष्कळ जणांच्या लेकींना मागाहून कळतं, दहाव्याला येतात, रडतात, जातात. असं सगळे समजावत होते. मला एवढंच दिसत होतं की लेक दहाव्याला येईल आणि विचारील, आबा, मला तोंड का दाखवलं नाही? आणि मी काय सांगू? बॅटरी फुगली होती म्हणून?

शेवटी थोरला म्हणाला, ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबू. त्याच्यापुढं कुणाचं ऐकणार नाही, असं त्यानं बजावलं.

पुढं दहाव्याला एक महाराज आले होते. प्रवचनात म्हणाले, शरीर म्हणजे बॅटरी आहे, संपली की संपली. लोकांनी माना हलवल्या. मला राग आला. बॅटरी पेठेत मिळते.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. बायका तिच्याजवळ बसल्या होत्या.

सकाळी दूध गोळा करून टेम्पो निघाला, तेव्हा मी उठलो. फोन आणि ती बॅटरी बंडीच्या खिशात घातली आणि पुढं जाऊन बसलो. थोरला आडवा आला. "बायकू घरात आन तू बाजाराला निघालास? दुसऱ्या कुनाला धाड की." मी म्हटलं, बॅटरी आणतो, आणि टेम्पोवाल्याला चल म्हटलं. दुसऱ्याला धाडून चाललं असतं, ते मला कळत होतं. पण बॅटरी घातल्यावर बोलायचं कुणी? दुसऱ्या कुणी लेकीला सांगावं, हे मला नको होतं. घरात आम्ही तिघंच. तिघांतल्या एकाचं दुसऱ्याला सांगायला तिसराच पाहिजे.

विंझरला दुधाच्या किटल्या चढवल्या. तिथं एकानं विचारलं, आज इकडं कुठं? टेम्पोवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोच म्हणाला, काम आहे जरा. नेहमी त्याच्या टेम्पोत गाणी असतात, त्यानं ती लावली नव्हती.

नसरापूरला पेठ उघडायची होती. दुकानाचं शटर खाली. दुकानदार मागंच राहतो, मी जाऊन कडी वाजवली. तो दात घासत बाहेर आला. आधी मला बघून हसला.

"एवढ्या सकाळी, बाबा? आलीया तुमची बॅटरी, ठिवलीया बाजूला. बाजारापत्तुर दम निघाला न्हाई का मावशीला?"

मी म्हटलं, "मावशी गेली तुझी. काल सांजच्याला. लेकीला सांगायचंय. नंबर ह्यात हाय."

तो तोंड धुवायलासुद्धा गेला नाही. शटर वर केलं, खणातनं कागदात गुंडाळलेली नवी बॅटरी काढली. जुनी बाहेर काढून काचेवर ठेवली. टिचकी मारली नाही, पण ठेवतानाच ती जरा फिरली. त्यानं तळहात ठेवून थांबवली. नवी घातली आणि बटण दाबलं. काचेवर उजेड आला आणि राहिला. म्हणाला, नवीत थोडं चार्जिंग कंपनीतनंच येतं, तुम्हाला पुरेल.

मग तो नंबर शोधू लागला. शोधायला काही नव्हतं. सबंध फोनात एकच नाव साठवलेलं. त्यानं वाचलं, "लेक." म्हणाला, लावू का? मी म्हटलं, लाव आणि माझ्याकडं दे.

फोन मी कानाला लावला. रिंग वाजली. आणि काय झालं मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मी दगडावर बसून बघत आलो होतो, एक रिंग वाजली की कापायचं. तसं मी कापलं. दुकानदार म्हणाला, अवो कट झाला, परत लावतो. मी म्हटलं, थांब. फोन दोन्ही हातांत धरून मी उभा राहिलो. पायरीवरच. पेठेत एकजण झाडत होता, धूळ उडत होती.

फोन वाजला. बटण कुठलं दाबायचं ते दुकानदारानं दाखवलं. मी तो कानाला लावला.

"हां आये, बोल," लेक म्हणाली. "आज सकाळीच खिंडीत? पापड झालं का समदं?"

मी मान हलवली. मग आठवलं की ती मला दिसत नाही आणि मी तिला दिसत नाही.

"आये? बोल की. बॅटरी जाईल पुन्हा."

"बॅटरी नवी घातलीया," मी म्हटलं. "म्या बोलतोय. आबा."

तिनं, तुम्ही कसे काय बोलताय, म्हणून विचारलं नाही. आई कुठंय म्हणूनही विचारलं नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

आणि मी तिला सांगितलं.